एका पोरीपुरती जागा

दसऱ्याला आमची अख्खी वस्ती नागपूरला जाते, एक माणूस सोडून. आदल्या दिवशी टेम्पो येतो. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, भाकरीची गाठोडी, पाण्याचे कॅन, लेकरं, सगळं त्यात चढतं आणि एकजण खाली उभा राहून हात हलवतो. आमच्यात नव्यानं सोयरीक झालेल्या पाव्हण्यांना वाटतं, घरं राखायला माणूस ठेवलाय. आमच्या घरांत चोरण्यासारखं काय आहे ते एकदा चोरानंच येऊन सांगावं. तो माणूस राहतो तो एवढ्यासाठी की, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला त्यानं पाटलांच्या रानातून चालत पलीकडे जावं आणि परत यावं. शाळेला सुट्टी असली तरी जावं. ही रीत कौसाआत्यानं घालून दिली.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अंगाला आहे, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण मी नोकरीपायी आष्टीला असले तरी माझ्या भावांना अजून तिथंच राहायचं आहे.

कौसाआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. ती ऐन तरुणपणी नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली आणि माहेरी परत आलेली बाई जशी अख्ख्या वस्तीची आत्या होते, तशी झाली. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "मेला असंल न्हाईतर जित्ता असंल. मला काय करायचंय?" बुटकी, काळीसावळी, दातांना कायम मिश्री. पायात मात्र गड्यांचे कॅनव्हासचे बूट. तिच्या बापाला पाटलांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. "बूट हातात घ्यायला लई येळ लागतो, म्हनून मी बूटच घेतले," असं ती आम्हाला सांगायची आणि स्वतःच हसायची.

ती गोड बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिची आरती ओवाळायला लागाल. तोंडात कायम शिवी. आम्हा पोरींना 'भवान्यांनो' याच्यापेक्षा प्रेमळ हाक तिनं कधी मारली नाही. तिच्या दारात बोरीचं झाड होतं आणि त्याचं एक बोर कुणाला फुकट मिळालं नाही. ओंजळभर बोरं पाहिजे असतील तर हापशावरून तिचा हंडा भरून आणायचा. हंडा गळका होता. अर्धा हंडा आला की अर्धीच ओंजळ मिळायची.

तिचं एक काम मात्र ठरलेलं होतं. सकाळी शाळेच्या वेळेला वस्तीच्या टोकाला उभं राहायचं, आम्हाला गोळा करायचं आणि पलीकडच्या गावातल्या हायस्कूलपर्यंत पोचवायचं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पलीकडे जावं लागे. जायला दोन वाटा. एक तात्यासाहेब पाटलांच्या रानातून, बांधावरच्या चिंचेपाशी निघणारी. बोलत बोलत गेलं तरी शाळेची घंटा ऐकू यायच्या आत पोचायचं. दुसरी डांबरी. ती वीटभट्टीला आणि ट्रकवाल्यांच्या ढाब्याला वळसा घालून जायची आणि तिनं गेलं तर पहिला तास हमखास बुडायचा. पोरांकडे सायकली होत्या, त्यांना डांबरी चालायची. रानातली वाट खरी लागायची ती पोरींना, आणि म्हणूनच बहुधा वस्तीतल्या बापयांनी त्या वाटेची फारशी काळजी कधी केली नाही.

वाट कुणाच्या नकाशात नव्हती. आमच्या पणज्यापासून माणसं तिथून चालत आली, म्हणून ती वाट होती. वहिवाट म्हणतात तिला. चालणं थांबलं की संपली.

आत्याची चालायची पद्धत होती. एकीमागं एक, पायावर पाय. दोघींनी शेजारी चालायचं नाही, वाटेबाहेर बोट पडता कामा नये. "आपल्याला ईतभर कमी चालंल, बोटभर जास्ती नको. जास्ती झालं की पाटलाला तोंड फुटंल." सगळ्यांत पुढं ती. तिच्यामागं छाया, तिच्या भावाची, उत्तमकाकांची मुलगी. छायामागं मी, आणि मग बाकीच्या. छाया दहावीत होती, मी आठवीत. जूनपासून दसऱ्यापर्यंत मी रोज तिच्या पाठीमागं चालले, त्यामुळे आज तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. आठवते ती पाठ. एक वेणी, तिला लाल रिबीन, आणि मानेवर एक तीळ. आत्याला तर तेवढंही दिसायचं नाही, कारण ती पुढं. आत्या छायाला आवाजानं ओळखायची. छायाच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. तो तिनं सेफ्टीपिनेनं जोडला होता, म्हणून ती पाय ओढत चालायची. फर्र, फर्र. आत्या मागं न बघताच ओरडायची, "छाये, पाय उचल." की तेवढ्यापुरता आवाज थांबायचा.

त्या वर्षी आत्या पहिल्यांदा नागपूरला गेली. छायानंच हट्ट धरला होता, "आत्या, तू चल, मी हाय की तुझ्यासंगं." टेम्पोच्या फळीला धरून छाया वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्यानं वाचत होती आणि आत्या दर पाटीला "आता हे कोनतं?" म्हणून विचारत होती. त्या गर्दीत, त्या पांढऱ्या समुद्रात, आत्या लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून उभी राहिली होती. पुढं ती जायचं सगळं वर्णन करून सांगायची. यायचं कधीच सांगायची नाही.

दसरा म्हणजे आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीची पेरणी. दरवर्षी तात्यासाहेबांचे सालगडी वाटेपाशी आले की तिफण उचलायचे, दोन हात पुढं नेऊन टेकवायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, तसं चालत आलं होतं. आम्ही तीन दिवसांनी परतलो आणि चौथ्या दिवशी दप्तरं घेऊन बांधावर आलो, तर वाट नाही. ट्रॅक्टरनं या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ तासं ओढलेली. चिंचेखाली मोटरसायकल लावून तात्यासाहेब उभे होते.

तात्यासाहेबांनी आम्हाला जन्मात कधी शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "कौसाबाई, पेरनी झाली बगा. जायचं असंल तर जावा, मी न्हाई म्हनत न्हाई. तुमी सोता ह्या रानात चाड्यावर मूठ धरलीया. तुमाला काय सांगावं?"

आणि खरंच, त्यांना काही सांगावं लागलं नाही. आत्यानं तरुणपणापासून त्याच रानात पेरलं होतं. तिफणीमागं चालत, चाड्यात मूठ सोडत, तिच्या हातचं बी एकसारखं पडतं म्हणून पाटील तिलाच बोलवायचे. पेरलेल्या रानात पाय टाकायचा नाही, हे आमच्याकडे पोरांना चालायला यायच्या आधी शिकवतात. आत्यानं बूट पुढं केला, तो तसाच धरला आणि मागं घेतला. म्हणाली, "फिरा माघारी. बी पडलंय. उगवू द्या, मंग तासातासानं जाऊ."

उगवलं. दोन पानांची ज्वारी ती, तिच्यावर पाय कसा द्यायचा? गुडघ्याएवढी झाली, मग तर प्रश्नच नाही. "सुगी होऊ द्या," आत्या म्हणाली. आम्ही डांबरीनं जाऊ लागलो. सात पोरींतल्या चारच शाळेत उरल्या. त्यांतल्या एकीनं दिवाळीनंतर दप्तर धुऊन त्यात मिरच्या भरून ठेवल्या.

छाया मात्र रोज गेली. ढाब्यावरचा एकजण आठ दिवस मोटरसायकल हळूहळू तिच्या बाजूनं चालवत यायचा, आणि एक दिवस त्यानं तिची वेणी धरली. तिनं घरी येऊन सांगितलं. न सांगती तर कदाचित शिकली असती, असं माझी आई अजून म्हणते आणि मला तिचा राग येतो. उत्तमकाका आणि काकू कारखान्यावर ऊस तोडायला निघायच्या तयारीत होते. मुकादमाचा ट्रॅक्टर दोन दिवसांवर आला होता. पोरीला मागं ठेवायचं कुणाच्या जिवावर?

आत्या म्हणाली, "मी हाय की. मी नेते, मी आनते डांबरीनं."

"आन तू रानात कामाला गेल्यावर?" उत्तमकाका म्हणाले. "रानातली वाट असती तर गोष्ट येगळी व्हती, अक्का."

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. त्यामुळे तोडीच्या तोंडावर लग्न लावायला सोयरे तयारच असतात. एका संध्याकाळी विहारासमोर लग्न झालं आणि त्याच ट्रॅक्टरवर छाया नवऱ्याच्या टोळीबरोबर गेली. ट्रॉलीवर भांड्यांच्या पाटीशेजारी बसून ती हसत होती, ते आठवलं की मला अजून कळत नाही ती का हसत होती. ओरडून म्हणाली, "आत्या, रांगंतली माझी जागा कुनाला दिऊ नको. परीक्षेला येते मी."

परीक्षेला आली नाही. सुगी होऊन रान मोकळं झालं, आम्ही पुन्हा रानातून जाऊ लागलो. मी सवयीनं आत्याच्या मागं लागले, तर ती वळून म्हणाली, "तितं नको. माघं सर." पावसाळ्यात छाया बाळंतपणाला माहेरी आली. हातपाय सुजलेले, चेहरा पिवळा. सकाळी ती वस्तीच्या टोकाला दगडावर बसायची आणि आमची रांग बघायची. "जागा हाय न्हवं माझी?" असं एकदा तिनं मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली. बाळही गेलं. तिचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं.

पुन्हा दसरा आला. टेम्पो नागपूरला गेला, आत्या गेली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर आला आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत पेरून गेला. शाळा सुरू झाली त्या सकाळी आम्ही तिघी बांधावर उभ्या राहिलो. तात्यासाहेब चिंचेखाली होतेच.

आत्या वाकली. मुठीत माती घेतली, कपाळाला लावली. "माय, पदरात घे," असं काहीतरी ती त्या रानाला म्हणाली. मग तिनं बूट उचलला आणि पेरलेल्या मातीत ठेवला. अगदी हळू. चुलत्याच्या मयतावर माझ्या वडिलांनी माती अशीच लोटली होती.

"कौसाबाई, पिकावर पाय?" तात्यासाहेब म्हणाले.

"पोरीवर पाय दिऊन झाला की, तात्यासायब," आत्या म्हणाली, "आता पिकावर दिते."

आम्ही तिच्यामागं चाललो. मी एका माणसाचं अंतर सोडून. रोज जाताना आणि येताना त्याच पावलांवर पाय देत गेलो. आठवड्यानं बाकीचं रान हिरवं झालं आणि मधोमध हातभर रुंदीची काळी रेघ राहिली. वाट उगवलीच नाही.

पुढं पिकाच्या नासाडीची तक्रार झाली, पोलिसाची चक्कर झाली, तहसीलचे साहेब आले, पंच उभे राहिले. पाटलांकडून सांगण्यात आलं की ही वाट कुणी वापरत नाही, सुट्टीत आणि उन्हाळ्यात इथं कुत्रंही फिरकत नाही. साहेब भले होते. त्यांनी वाट मोकळी ठेवायला सांगितलं. वस्तीत पेढे वाटले. आत्याच्या डोक्यात मात्र पेढे राहिले नाहीत, ते कुत्र्याचं वाक्य राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती सुट्टीतही चालायला लागली. दिवाळीत, रविवारी, मे महिन्याच्या उन्हात. बरोबर कुणी नसलं तरी.

इथून पुढचं सांगायला मला अवघड जातं, कारण लोकांना यात भलतंच काहीतरी सापडतं. आत्या एकटी चालायची तेव्हाही तिच्या मागं कुणी असल्यासारखी चालायची. मधेच थांबायची, मागच्याला वेळ द्यावा तशी. कधी ओरडायची, "छाये, पाय उचल." पाटलांच्या सालगड्यांनी ते ऐकलं. मग त्यातल्या एकानं तिन्हीसांजेला वाटेवर लाल रिबिनीची पोरगी बघितली. मग दुसऱ्यानं तिची चप्पल ऐकली. झालं. हुकूम होऊनही पाटील दरवर्षी वाट पेरायला लावतच होते, पण तिसऱ्या वर्षीच्या पेरणीला ट्रॅक्टरवाल्यानं त्यांचं ऐकलं नाही. वाटेपाशी आला, पेरणीयंत्र उचललं, दोन हात सोडले आणि पलीकडे टेकवलं. साहेबांच्या हुकुमानं जे धड झालं नव्हतं, ते भुतानं करून दाखवलं.

वस्ती खूश. उत्तमकाकांनाही बरं वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "मेल्यावर तरी पोरगी कामाला आली." आत्या तेव्हा जेवत होती. ताट तसंच ठेवून ती उठली आणि थेट पाटलांच्या गोठ्यावर गेली. मी तिच्यामागं पळाले, कारण आता ही शिव्या देणार आणि त्या मला ऐकायच्या होत्या.

शिव्या दिल्या नाहीत. सालगड्यांना गोळा करून म्हणाली, "आयका रे. भूतबित काय नसतंय. आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आमच्यात मेल्यालं मानूस माघारी येत न्हाई. रानात कुनी न्हाई. पेरायचं तर पेरा."

"मंग तुमी बोलता कुनासंगं, आत्या?" त्यातल्या एकानं विचारलं.

"माझ्या भाचीसंगं," आत्या म्हणाली. "त्याचा तुमाला काय तरास?"

परत येताना मी चिडले होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला वाटायचं मला सगळं कळतं. म्हटलं, "आत्या, आयती सुटलेली वाट तू घालवलीस."

"भ्यानं सोडल्याली वाट आपली न्हवं," ती म्हणाली. "उद्या एखादा न भिनारा आला की गेली. आन माझ्या पोरीला भूत कावून म्हनू द्यायचं? शाळंत जात व्हती ती."

पुढच्या दसऱ्याला वाट पुन्हा पेरली गेली. आत्यानं पुन्हा कपाळाला माती लावली आणि पुन्हा बूट ठेवला. असं किती वर्षं चाललं, मी मोजलं नाही. तात्यासाहेब गेले, त्यांचा मुलगा पेरू लागला, त्यालाही पुढं कंटाळा आला असावा, पण रीत म्हणून तो पेरत राहिला. वस्तीतल्या पोरी आठवी-नववी-दहावी करत त्या वाटेनं गेल्या. एकजण नर्स झाली, एक पोलिसात आहे, मी शाळेत शिकवते. दर नव्या पोरीला रांगेत उभं करताना आत्या सांगायची, "माझ्या माघं येक जागा सोड." पोरी विचारायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, शाळेचाच काही नियम असेल.

आत्या परत नागपूरला गेली नाही. दरवर्षी टेम्पोपाशी यायची, कुणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का बघायची. "चल की आत्या," म्हटलं की म्हणायची, "आन पाय कोन टाकील?"

शेवटच्या वर्षी मी सुट्टी काढून गेले. तिला दम लागायला लागला होता. मी म्हटलं, "आत्या, यंदा तू जा. मी राहते. मी चालते तुझ्या जागी." पुष्कळ वेळ ती माझ्या चपलांकडे बघत राहिली. मग नवी पांढरी साडी नेसली. दोघांनी उचलून तिला टेम्पोत बसवलं. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती माझ्याकडे न बघता रानाकडे बघत होती.

सकाळी मी शाळेच्या वेळेला बांधावर आले. आदल्या दिवशीच पेरणी झालेली, वाटेसकट. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. मला ते करताना जरा लाज वाटली, आणि मग पाय टाकताना लाज वाटली याची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवर माझ्या पुढं कुणी नव्हतं. निम्म्या रानात आले असेन. मागून आवाज आला. फर्र, फर्र.

मी शिकलेली बाई आहे. मी वळले.

आत्या होती. नव्या पांढऱ्या साडीत, पायात बूट, घामानं भिजलेली. सिरसाळ्यातच टेम्पो थांबवून उतरली होती, रात्र कुणाच्या तरी ओसरीवर काढली होती आणि सकाळच्या जीपनं परत आली होती. हे सगळं मला नंतर कळलं. मी थांबले म्हणून तीही थांबली. पण जवळ आली नाही. आमच्या दोघींच्या मध्ये तिनं एका पोरीपुरती जागा सोडली होती.

"फुडं बघ," ती मला म्हणाली.

मी पुढं बघून चालू लागले. मागून पुन्हा तो आवाज सुरू झाला. आत्याचं वय झालं होतं, ती पाय घासत असणार, मी तसंच समजते. त्याच हिवाळ्यात ती गेली, आणि तेव्हापासून दसऱ्याला दर वर्षी आमच्यातलं एक माणूस मागं राहतं. पण त्या सकाळी आम्ही पलीकडच्या बांधाजवळ येत होतो, सुट्टीमुळे बंद असलेलं शाळेचं फाटक दिसायला लागलं होतं, तेव्हा आत्या माझ्या मागून, माझ्याशी नव्हे, हळू आवाजात म्हणाली, "छाये, पाय उचल."

आणि आवाज थांबला.